ईआरसीपी ही 'तपासणी' नव्हे!

"काही विशेष नाही हो, दुर्बिणीतून एक छोटीशी तपासणी करून घेऊ."

पित्ताशयात खडे झालेल्या पेशंटच्या नातेवाइकांना हे वाक्य अजूनही ऐकायला मिळतं. ज्या गोष्टीबद्दल ते बोललं जातं तिचं नाव ईआरसीपी. माझं म्हणणं सरळ आहे. ती छोटीशी नाही, आणि आजच्या तारखेला 'तपासणी' म्हणून ती कुणी करू नये, कुणी करून घेऊ नये. ईआरसीपी हा उपचार आहे, आणि योग्य वेळी केला तर फार चांगला उपचार आहे. पण 'आत काय आहे ते जरा बघून येऊ' म्हणून ती करायचे दिवस केव्हाच संपले.

मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. तेव्हा हे वाचून स्वतःवर उपचार करू नका, पण डॉक्टरांना प्रश्न जरूर विचारा. तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

आधी आपल्या भाषेतला एक घोळ निस्तरू. मराठीत 'पित्त झालं' म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर, उपाशी राहून डोकं दुखणं. यातलं बरंचसं जठरातल्या ॲसिडचं काम. वैद्यकातलं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरतं. त्यामुळे उजव्या बरगडीखाली खऱ्या खड्याची कळ आली तरी आपण 'पित्त उसळलंय' म्हणत कोकम सरबत पीत बसतो. असो.

आता या घरातलं प्लंबिंग नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पित्ताशय ही टाकी. तिच्यातून एक बारीक नळी निघून मुख्य पित्तनलिकेला मिळते. ही मुख्य नलिका आतड्यात जिथे उघडते, तिथेच स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. बहुतेकांच्यात दोघींचं तोंड एकच, आणि त्यावर स्नायूची एक झडप. टाकीतला खडा टाकीतच राहिला तर कित्येकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. तो घसरून मुख्य नलिकेत अडकला की मात्र कावीळ, थंडी वाजून ताप, किंवा स्वादुपिंडाला सूज. म्हणून पित्ताशय काढण्याआधी एक प्रश्न नेहमी येतो : नलिकेत खडा आहे का?

याचं उत्तर साध्या सोनोग्राफीला नीट देता येत नाही. पित्ताशयातले खडे ती उत्तम दाखवते. पण नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या वायूच्या आड जातं, आणि तिथला खडा सोनोग्राफीतून बऱ्याचदा निसटतो. नलिका फुगलेली दिसते (साधारण ६ मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात), रक्तात बिलिरुबिन वाढलेलं असतं, पण खडा काही दिसत नाही. हा जो संशयाचा पट्टा आहे ना, सगळं भांडण इथलं आहे.

या भांडणाचा इतिहास मजेशीर आहे. अर्जेंटिनातल्या कॉर्दोबाचे सर्जन पाब्लो मिरिझी यांनी १९३१ मध्ये ऑपरेशन चालू असतानाच पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढला. म्हणजे बघायचं, पण पोट उघडल्यावर. १९६८ मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडातून दुर्बीण घालून त्या झडपेत नळी सरकवली आणि पोट न उघडता नलिकेचं चित्र मिळवलं. १९७४ मध्ये जपानमध्ये कावाई आणि जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी त्याच वाटेने झडपेला छेद देऊन दाखवला, आणि बघण्याचं साधन खडा काढण्याचं साधन झालं. मॅक्यून यांच्या वेळी सीटी स्कॅन नव्हता (माणसावरचा पहिला १९७१ चा), एमआरआय नव्हता, सोनोग्राफी बाल्यावस्थेत. तेव्हा 'बघण्यासाठी' ईआरसीपी करणं हे धाडस होतं, आणि योग्य होतं. दुसरा पर्याय चाकू होता!

पण १९९१ मध्ये एमआरसीपी आली. एमआरआयचं मशीन, पेशंट अर्धाएक तास आडवा, नलिकेतलं पित्तच चित्रात पांढरं उमटतं. बेशुद्ध करणं नाही, किरणोत्सर्ग नाही, आत काही घालणं नाही, आणि निव्वळ नलिका बघायच्या तर सहसा इंजेक्शनही नाही. जोडीला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड आला. यात दुर्बीण आतड्यापर्यंत जाते खरी, पण झडपेला हात लावत नाही. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. निष्कर्ष असा की नलिकेतले खडे ओळखण्यात एमआरसीपी, एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड आणि ईआरसीपी जवळपास सारख्याच आहेत, आणि खड्याची शक्यता कमी असेल तर ऑपरेशनआधी ईआरसीपीची गरज नाही. २००२! तेव्हा आपण ऑर्कुटवरही नव्हतो.

सारखंच दिसत असेल तर फरक काय? फरक जोखमीचा. ईआरसीपीनंतर शंभरातल्या साधारण ३ ते १० जणांना स्वादुपिंडाची सूज येते. बहुतेकांची सौम्य असते, दोन-चार दिवसांत घरी. पण काहींना आयसीयू लागतो, आणि क्वचित माणूस दगावतो. शिवाय रक्तस्राव, आतड्याला भोक पडणं, जंतुसंसर्ग. आमच्या धंद्यात लाइव्ह सर्व्हर 'जरा काय चाललंय बघतो' म्हणून मध्येच थांबवला तर मॅनेजर जीव घेतो. आधी लॉग बघ म्हणतात. एमआरसीपी म्हणजे लॉग बघणं. इथे तर सर्व्हर रीस्टार्ट करायचीही सोय नाही.

आणि गंमत पुढेच आहे. ही जोखीम सगळ्यांना सारखी नसते. तरुण वय, त्यातून स्त्री, बिलिरुबिन नॉर्मल, नलिका बारीक, म्हणजे ज्यांच्या नलिकेत बहुधा काहीच नाही, त्यांनाच सूज यायचा धोका जास्त! पीटर कॉटन हे या क्षेत्रातलं सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. त्यांनी स्वतः २००१ मध्ये हेच लिहिलं, की ज्यांना या प्रक्रियेची गरज सगळ्यात कमी, त्यांनाच ती सगळ्यात घातक. पुढे त्यांच्याच पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निकाल २०१४ मध्ये आले. पित्ताशय काढूनही पोटात दुखणारे, पण तपासण्यांत फारसं काही न सापडलेले २१४ पेशंट. काहींच्या झडपेला खरा छेद दिला, बाकीच्यांना फक्त दिल्यासारखं केलं. वर्षभराने खरा छेद दिलेल्यांपैकी २३ टक्क्यांना बरं वाटत होतं, आणि खोटा छेद दिलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. आयुष्यभर ज्या कामात नाव कमावलं त्याच कामाची अशी परीक्षा घेऊन निकाल छापणारी माणसं दुर्मिळ. आपल्याकडे तेवढं नको, निदान त्यांनी छापलेलं वाचावं एवढीच अपेक्षा.

आता दुसरी बाजू, कारण 'इंटरनेटवर वाचलंय, आम्ही ईआरसीपी करणार नाही' असं म्हणून कुणी अडून बसलं तर तेही माझ्या डोक्यावर यायचं. नलिका तुंबून आत पू झाला असेल, थंडी-ताप आणि कावीळ असेल, तर ईआरसीपी जीव वाचवते. हाँगकाँगमधल्या १९९२ च्या चाचणीत अशा गंभीर पेशंटांपैकी ऑपरेशन केलेले ३२ टक्के दगावले, दुर्बिणीतून निचरा केलेले १० टक्के. अशा वेळी एमआरआयच्या नंबरासाठी ताटकळत बसणं हा मूर्खपणा आहे. अमेरिकन एंडोस्कोपी संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे थेट ईआरसीपी कुणाला? नलिकेत खडा स्पष्ट दिसलेला, किंवा नलिकेत जंतुसंसर्ग झालेला, किंवा बिलिरुबिन ४ च्या वर आणि शिवाय नलिका फुगलेली. मधल्या संशयाच्या पट्ट्यात असाल तर आधी एमआरसीपी, एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, नाहीतर ऑपरेशनच्या टेबलावर मिरिझींचा तोच जुना एक्स-रे. आणि शक्यता कमी असेल तर सरळ पित्ताशयाचं ऑपरेशन.

'एमआरसीपीपण चुकते' असं सांगणारे भेटतील. बरोबर आहे. ५ मिलिमीटरपेक्षा बारीक खडे तिच्यातून निसटू शकतात, आणि काही जुन्या पेसमेकरवाल्यांना मशीनमध्ये घालता येत नाही. मग एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करा. बघायचं एक साधन अपुरं पडलं तर बघायचं दुसरं साधन घ्यावं. एकदम पाना घेऊन नळ खोलायला कशाला बसायचं?

मग अजूनही 'बघण्यासाठी' ईआरसीपी का सुचवली जाते? तालुक्याच्या गावी एमआरआयच नसतं, ही एक खरी अडचण. तिथल्या डॉक्टरांना नावं ठेवायचा मला काही हक्क नाही. पण पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली स्कॅन सेंटर असताना कारण वेगळं असतं, आणि त्यात आपणही भागीदार आहोत. हिशेब बघा. एमआरसीपी बाहेरून करायची, काही हजार रुपये रोख. ईआरसीपीला मात्र दाखल व्हायचं, ती 'प्रोसीजर', सहसा कॅशलेसच्या फॉर्मवर बसते. केवळ तपासणी आणि निदानासाठी दाखल झालात तर खर्च मिळणार नाही, हे कलम आपल्या बहुतेक पॉलिसींत असतं. आयआरडीएआयने २०१९ मध्ये त्याची भाषाही सगळीकडे एकसारखी करून दिली. एमआरसीपीनंतर ऑपरेशन झालं तर तिचं बिल दाखल होण्याआधीचा खर्च म्हणून सहसा मिळतं. पण रिपोर्ट स्वच्छ आला आणि तुम्ही दाखलच झाला नाहीत, तर पैसे तुमचे गेले! म्हणजे जी तपासणी तुम्हाला धोक्यातून वाचवते तिचा भुर्दंड तुम्हाला, आणि जी धोक्यात घालते ती फुकट. मग 'इन्शुरन्समध्ये बसतंय ना, करून टाका' असं म्हणणारे आपणच असतो. फोन बदलताना असा हिशेब करत नाही आपण.

आणखी एक गोष्ट, जी डिस्चार्जच्या गडबडीत हमखास विसरली जाते. ईआरसीपीत कधी कधी नलिका उघडी राहावी म्हणून प्लास्टिकचा स्टेंट ठेवतात. तो तात्पुरता असतो. साधारण तीन महिन्यांत तुंबायला लागतो, आणि काढावा किंवा बदलावा लागतो. पोट दुखायचं थांबलं की पेशंट विसरतो, फाइल कपाटात जाते, आणि वर्ष-दोन वर्षांनी कावीळ आणि ताप घेऊन माणूस परत. 'टेंपररी फिक्स' म्हणून टाकलेला कोड पाच वर्षं प्रॉडक्शनमध्ये कसा राहतो हे आम्हाला विचारा! स्टेंट घातला असेल तर त्याच दिवशी फोनमध्ये काढायच्या तारखेचा रिमाइंडर लावा. पेशंटच्या नव्हे, तुमच्या फोनमध्ये.

तर घरात कुणाला ईआरसीपी सांगितली असेल तर सहीच्या आधी चार प्रश्न विचारा. ही बघण्यासाठी आहे की काही काढण्यासाठी? काढण्यासाठी असेल तर ते 'काही' कुठल्या चित्रात दिसलंय, की कशावरून एवढी खात्री आहे? एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड का नको? आणि सूज टाळण्यासाठी इंडोमेथासिन किंवा तसलं औषध देणार का? (२०१२ च्या एका चाचणीत जास्त जोखमीच्या पेशंटांमधलं सुजेचं प्रमाण या जुन्या, साध्या औषधाने सुमारे १७ टक्क्यांवरून ९ वर आलं होतं.) चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. दोन मिनिटांत कागदावर नळ्यांचं चित्र काढून समजावतो. ताप-कावीळवाला पेशंट असेल तर त्याचं उत्तर एका वाक्यात येईल, आणि ते ऐकून लगेच सही करा.

पण उत्तर 'बघू तरी काय आहे ते' असं आलं, तर पेन खाली ठेवा आणि आधी फोटो मागा.