खिशातील कॅमेरा कोणता घ्यावा?

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम वसाहतीत राहणाऱ्या आमच्या एका वसईकर भगिनीने विचारले आहे: कन्येच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची छायाचित्रे गावी आजीआजोबांना पाठवावयाची आहेत, कॅननचा इक्सस २८५ एचएस घ्यावा की सोनीचा आरएक्स १००? दोन्ही २०.२ मेगापिक्सेलचे, मग सोनीसाठी अधिक पैसे का मोजावे?

प्रश्न मार्मिक आहे. पेटीवरील आकडा चित्रबिंदूंची संख्या सांगतो. ते बिंदू किती जागेत बसविले आहेत, हे सांगत नाही. २०१६ सालच्या इक्ससमधील प्रकाशग्राही पट सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. २०१२ सालच्या आरएक्स १०० मधील १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्राने चौपट. शिवाय झूम न करता त्याचे भिंगही सुमारे चौपट उजेड पटावर पाडते. मिस्सेच्या वेळी फ्लॅश उडविणे शोभत नाही (हौशी मंडळींस हे सांगावे लागते, हे दुर्दैव!), तेव्हा देवळातील मंद उजेडात हाच उपयोगी.

इक्ससचे वजन १४७ ग्रॅम, सोनीचे २४०. इक्ससचा झूम बारा पट, सोनीचा केवळ ३.६, पण लांबचा चेहरा जवळ आणताना इक्ससचे भिंग अधिकच अंधारते. आईला पुढचे बाक मिळणार असेल, तर सोनीच घ्यावा.

दोन्ही जुनी मॉडेले. वापरलेला कॅमेरा मिळाल्यास बॅटरी किती टिकते ते पाहावे. लष्करच्या बाजारात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फ्लॅशविना चित्र घ्यावे आणि घरी मोठे करून पाहावे. पैसे दुसऱ्या दिवशी.