पाण्याच्या बोर्डाची खुर्ची

मार्च महिन्यात पाण्याच्या बिलाबरोबर एक फिकट पिवळा कागद येतो. वार्षिक सभा अमुक तारखेला, स्थळ फायर हॉल, ट्रस्टीच्या दोन जागा रिकाम्या, इच्छुकांनी नाव द्यावे. पाच वर्षे मी तो कागद बिलाच्या पाकिटासकट रिसायकलिंगमध्ये टाकला. गेल्या वर्षी कुतूहल म्हणून सभेला गेले. मला धरून सतरा माणसे होती. दोन जागांसाठी दोनच नावे आली, त्यामुळे मतदान झालेच नाही. सगळी निवडणूक कॉफी गाळून होण्याच्या आत आटोपली. आणि या निवडणुकीतून आलेली माणसे माझ्या नळाला काय येणार हे ठरवतात.

कॅनडात बहुतेक ठिकाणी पाणी नगरपालिकेकडे असते, तेव्हा टोरांटो किंवा कॅल्गरीच्या वाचकांना हा प्रकार नवा वाटेल. ब्रिटिश कोलंबियात मात्र 'इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट' नावाच्या छोट्या स्वायत्त संस्था आहेत, २००च्या आसपास. ओकानागन खोऱ्यातल्या ब्लॅक माउंटन इरिगेशन डिस्ट्रिक्टसारख्या काही तर सफरचंदाच्या बागांना पाणी पोचवण्यासाठी सुमारे शंभर वर्षांपूर्वी निघाल्या. बागा गेल्या, घरे आली, पाइप तेच राहिले. ट्रस्टी मतदारच निवडतात. पाणीपट्टी किती, पाइप कधी बदलायचे, शुद्धीकरणावर किती खर्च करायचा, हे सगळे त्यांच्या हातात.

मी या वर्षी उभी राहते आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या भागात अशी जागा आहे त्यांनीही उभे राहावे असे माझे मत आहे. विज्ञानात काम करणाऱ्यांनी तर नक्कीच, पण त्याचे कारण बहुधा तुम्हाला वाटते ते नाही.

कारण ओंटारियोतल्या वॉकरटन गावात आहे. मे २००० मध्ये सुमारे ४,८०० वस्तीच्या त्या गावात पाण्यातून ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पसरले. ७ माणसे मेली, २,३०० आजारी पडली. ८ ते १२ मे या पाच दिवसांत १३४ मिलिमीटर पाऊस झाला होता. गावाची ५ नंबरची विहीर उथळ होती. जवळच्या शेतातले शेणखत पावसाबरोबर झिरपून तिच्यात उतरले. (त्या शेतकऱ्याने खत योग्य रीतीनेच टाकले होते, त्याचा काही दोष नाही, असे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने स्पष्ट म्हटले.) पुरेसे क्लोरीन असते तर जिवाणू मेले असते. पण कर्मचारी ते कमी टाकत आणि तपासणीविनाच वहीत आकडे भरत.

त्या वहीची गोष्ट मला प्रयोगशाळेत बसल्यावर हमखास आठवते. पाण्यात शिल्लक राहिलेले क्लोरीन रोज मोजायचे असते. ते स्थिर नसते. पाण्यात सेंद्रिय द्रव्य वाढले की क्लोरीन त्याच्याशी अभिक्रियेत खर्च होते, थंडी-उन्हाने फरक पडतो, मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो. वॉकरटनच्या नोंदींत मात्र जवळपास नेहमी दोनच आकडे असत: ०.५ किंवा ०.७५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. खरे मोजमाप इतके शिस्तीत वागत नाही. पहिल्या वर्षाच्या एमएससीच्या विद्यार्थ्याने असा तक्ता आणला तर आपण त्याला सगळे काम बाजूला ठेवून समोर बसवू.

वॉकरटनचे पाणी पब्लिक युटिलिटीज कमिशनकडे होते आणि तिथले कमिशनर लोकांनी निवडून दिलेले होते. १९९८ मध्ये पर्यावरण मंत्रालयाचा तपासणी अहवाल त्यांच्यापर्यंत पोचला. शुद्ध केलेल्या पाण्याच्या काही नमुन्यांत ई. कोलाय सापडल्याचे आणि क्लोरीन कमी पडत असल्याचे त्यात लिहिले होते. कमिशनरांनी व्यवस्थापकावर विश्वास ठेवला आणि पुढे विचारले नाही. ते लुच्चे नव्हते. आपले काम हिशेब आणि बजेट बघण्यापुरते, तांत्रिक बाबी माहीतगारांच्या, असे त्यांनी धरले होते. आयोगाने त्यांच्यावर ठपका ठेवला तो याच गोष्टीचा. दोष अनेकांचा होता, सरकारी कपातीचाही. पण मला बोचते ती ही खुर्ची, कारण मी तीच मागते आहे.

पुढे ओंटारियोने २००२ मध्ये पेयजल कायदा केला, आणि २०१२ च्या अखेरीपासून पाणीपुरवठ्यावर देखरेख करणाऱ्या नगरसेवकांवरही दक्षतेची कायदेशीर जबाबदारी आली. 'मला यातले कळत नाही' ही सबब तिथे संपली.

तर बोर्डावर बसण्यासाठी पाण्यात पीएचडी लागत नाही. माझी तरी कुठे आहे? मी मातीतल्या बुरशीवर काम करते. लागते ती 'कच्च्या नोंदी दाखवा' म्हणण्याची सवय. आणि ते न लाजता, उद्धट न होता म्हणता येणे. हे दुसरे मला अजून नीट जमत नाही, हेही सांगून टाकते.

याची उलट बाजूही आहे, आणि ती आपल्यासारख्यांना कमी दिसते. आपल्याला वाटते, आकडे दाखवले की निर्णय आपोआप होईल. १९९६ मध्ये केलोना आणि क्रॅनब्रूक या दोन्ही गावांत क्रिप्टोस्पोरिडियमची साथ आली. या परजीवीचे कवच इतके जाड असते की नळाच्या पाण्यातले नेहमीचे क्लोरीन त्याला पुरे पडत नाही. अतिनील किरण मात्र त्याचा डीएनए बिघडवतात, मग त्याला वाढता येत नाही. या भागात ४-३-२-१-० नावाचे उद्दिष्ट आहे: विषाणू ९९.९९ टक्के घटवा, जिआर्डिया आणि क्रिप्टो ९९.९ टक्के, शुद्धीकरणाच्या दोन पद्धती वापरा, गढूळपणा १ एनटीयूच्या आत, ई. कोलाय शून्य. लक्षात ठेवायला सोपे. पण काही शे घरांच्या डिस्ट्रिक्टला यूव्हीचे यंत्र परवडते का? शिवाय वसंतात बर्फ वितळून ओढा गढूळ झाला की किरण पाण्यातून नीट पोचत नाहीत, म्हणजे आधी गाळणीही हवी. इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्टला सरकारी अनुदान थेट मिळत नाही. खर्च घरांवरच वाटायचा. पेन्शनवर जगणाऱ्या शेजारणीने वर्षाला किती जास्त भरावे, याचे उत्तर माझ्या कुठल्याच जर्नलमध्ये नाही. तिथे मी इतर ट्रस्टींइतकीच एक.

आणखी एक गोष्ट मला खटकते. या निवडणुकीत मत फक्त जमिनीच्या मालकाला असते, तेही नागरिक असेल तरच. तळघरात भाड्याने राहणारा विद्यार्थी तेच पाणी पितो, त्याला मत नाही. पीआर असलेल्या मालकालाही नाही. नागरिकत्वाची शपथ घेईपर्यंत मीही यातलीच होते. पिण्याचे पाणी आणि जमिनीची मालकी यांची ही गाठ बागांच्या काळात समजण्यासारखी होती, आता नाही. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे या इंजिनीअरने पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरला: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, कुटुंबाला कमाल अडीच एकरापर्यंत. भूमिहीनांनाही हक्क मिळाला. उसाला मनाई होती. हा नियम ओकानागनला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण हा विषय मी बोर्डात काढणार आहे.

आईला फोनवर सांगितले तर म्हणाली, "तुला कशाला गं या भानगडी? दुसऱ्यांच्या देशात पाण्यावरून भांडायचं?" ती बार्शीची. टँकरच्या रांगेत तिने पाण्यावरून किती भांडणे केली हे मला माहीत आहे, मी कळशी धरून शेजारीच उभी असायची. पण तिच्या प्रश्नात आपल्या सगळ्यांचाच सूर आहे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीसाठी आपल्याकडे दोन-दोन पॅनेल उभी राहतात, गणपतीच्या हॉलवरून रात्री बारापर्यंत ईमेल चालतात. आणि जिथे नाव दिले की निवडून येता येते, तिथे आपल्यातले कुणी नाही. उच्चारांची भीती म्हणाल तर गेल्या सभेतल्या सतरांपैकी निदान पाच जणांचे इंग्रजी जर्मन किंवा पंजाबी वळणाचे होते. वेळ म्हणाल तर महिन्याला एक संध्याकाळ आणि वाचायला कागदांचा एक गठ्ठा.

अर्ज भरून झाला आहे. सूचक म्हणून सही पलीकडच्या बागेतल्या आजोबांनी केली. सही करण्याआधी चष्म्यावरून बघत त्यांनी विचारले, "तू क्लोरीन वाढवणार की कमी करणार?"

मी म्हटले, "आधी गेल्या वर्षीची वही बघते."