पदक मिळाले, परवानगी नव्हती!

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. सेवा हा अर्थ त्याला मागाहून आला. हाक ऐकायला जो उत्सुक, त्याच्याच हातून सेवा घडते, हे त्यामागचे शहाणपण. मोनिका ब्राऊन या अमेरिकन मुलीची हकीकत वाचताना हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही.

ही टेक्सासमधल्या लेक जॅक्सनची मुलगी. भावाबरोबर सैन्यात दाखल झाली आणि अठराव्या वर्षी वैद्यकीय शिपाई म्हणून अफगाणिस्तानात पोचली. २५ एप्रिल २००७ रोजी तिची तुकडी जानी खेल भागातून जात असता मागच्या गाडीखाली सुरुंग उडाला. गाडीने पेट घेतला, पाच जवान जखमी झाले आणि पाठोपाठ गोळीबार सुरू झाला. औषधांची पिशवी उचलून ही पोर त्या गोळ्यांतून धावत गेली. दोघांची अवस्था बिकट होती. उखळी तोफांचे गोळे जवळ पडत होते, पेटत्या गाडीतला दारूगोळा फुटत होता. तिने आपल्या अंगाची ढाल करून जखमींना झाकले, रक्त थांबवले, सलाइन लावले आणि त्यांना हेलिकॉप्टरने हलवीपर्यंत ती मागे सरली नाही.

मार्च २००८ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांनी तिला 'सिल्व्हर स्टार' प्रदान केले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे पदक मिळवणारी ती केवळ दुसरी स्त्री!

आता वाचकहो, यातली गंमत पाहा. १९९४ च्या नियमाप्रमाणे प्रत्यक्ष लढणाऱ्या पथकांत स्त्रियांची नेमणूक होत नसे. दुसरा वैद्यकीय शिपाई हाताशी नव्हता, म्हणून तिला बरोबर घेतलेले. चकमकीनंतर थोड्याच दिवसांत तिला त्या ठाण्यावरून परत बोलावण्यात आले. म्हणजे, जिथे तिने असायलाच नको होते, तिथल्या पराक्रमाबद्दल सरकारने तिचा गौरव केला! आजारपणात जिच्यावाचून घराचे पान हलत नाही, तिला निर्णयाच्या वेळी मात्र कोणी विचारीत नाही; हा प्रकार आपल्याही घरांना अगदीच अनोळखी नाही.

ती बंदी उठल्याची घोषणा जानेवारी २०१३ मध्ये झाली. जखमी माणूस हाक मारतो, तेव्हा येणारा हात बाईचा की पुरुषाचा, हे तो पाहत नाही. मोनिकाने ती हाक त्याच क्षणी ऐकली. नियमाला ती ऐकू यायला सहा वर्षे लागली.