लाइट आली, पण वायफाय मेलंच! बिघाड राउटरमध्ये की अडॅप्टरमध्ये?

९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे लोणीकंद-चाकण परिसरात महापारेषणच्या ४०० केव्ही वाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि पुणे, पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या भागाची वीज गेली. जुलै २०२५ मध्ये हिंजवडीत २२० केव्हीची भूमिगत केबल निकामी झाली. या घटनांच्या बातम्या झाल्या. पावसाळ्यात अर्ध्या-पाऊण तासासाठी जाणाऱ्या लाइटची बातमी होत नाही, पण दोन्हीनंतर अनेक घरांत तोच प्रश्न पडतो. फ्रिज चालू झाला, मग राउटर का नाही?

पहिला संशय राउटरवर जातो आणि वर्क फ्रॉम होमच्या घाईत नवा मागवलाही जातो. खरा गुन्हेगार अनेकदा सॉकेटमधला छोटा काळा अडॅप्टर असतो.

अडॅप्टर २३० व्होल्टच्या एसी विजेचं साधारण १२ व्होल्ट डीसीमध्ये रूपांतर करतो. त्यातले कपॅसिटर हा प्रवाह स्थिर ठेवतात. वर्षानुवर्षं दिवसरात्र चालून, उष्णतेने ते आतून सुकतात. गरम असेपर्यंत काम कसंबसं निभावतं. लाइट गेली, अडॅप्टर थंड झाला, की पुन्हा सुरू होताना तो मान टाकतो. म्हणजे लाइट जाणं हे निमित्त, दुखणं जुनंच. वीज परत येताना व्होल्टेज उसळलं तर मात्र धडधाकट अडॅप्टरही जळू शकतो.

एकही दिवा लागत नसेल, तर आधी त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. सॉकेट ठीक असेल तर संशय अडॅप्टरवर. दिवे लागतात, पण राउटर दर मिनिटाला रीस्टार्ट होतो, हेही त्याचंच लक्षण. इथे मल्टिमीटर फसवतो. राउटर न जोडता मोजलं तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, राउटर जोडून वायफाय सुरू झालं की व्होल्टेज कोसळतं. त्यामुळे खात्रीची चाचणी एकच, दुसरा अडॅप्टर लावून पाहणं. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनच्या प्लस-मायनसचं चिन्हही जुळलं पाहिजे. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा अडॅप्टर लावणं म्हणजे चांगलं यंत्र हाताने जाळणं. दुरुस्तीसाठी अडॅप्टर घरी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असू शकतात.

दिवे नीट लागलेत, पण फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा दिवा लाल आहे? मग अडॅप्टर निर्दोष, प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नाहीये. राउटर इन्व्हर्टरवर असूनही लाइट जाताच नेट बंद पडत असेल, तर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरचा केबलवाल्याचा स्विच पाहायला सांगावं. काही जोडण्यांत सिग्नल तिथून येतो आणि त्या स्विचला बॅटरी नसेल, तर घरचा इन्व्हर्टर काहीच करू शकत नाही.