बाहेर पडण्याची वाट

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. एकदा पैसे भरून वर्षानुवर्षे वापरण्याची सोय संपली, वर्गणी सुरू झाली. तेव्हापासून कितीतरी संस्थांच्या संगणक विभागांत एकच विषय आहे : आपली व्हर्च्युअल मशिने उचलून दुसऱ्या हायपरवायझरवर, म्हणजे प्रॉक्समॉक्सवर, हायपर-व्हीवर किंवा साध्या केव्हीएमवर कशी न्यायची? यावर वरिष्ठांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते. फाइलचा प्रकार बदलायचा, एका कमांडचे काम आहे.

कमांड आहे, हे खरे. क्यूएमूबरोबर येणारे एक छोटे साधन व्हीएमवेअरच्या व्हीएमडीके फाइलमधून केव्हीएमची क्यूकाऊ२ फाइल किंवा मायक्रोसॉफ्टची व्हीएचडीएक्स फाइल तयार करून देते. सगळ्यांच्या पोटात डिस्कचे तेच तुकडे असतात. कोणता तुकडा कुठे ठेवला याची नोंदवही तेवढी प्रत्येकाची निराळी. खाचखळगे इथेही आहेत. जुन्या व्हीएचडीची मर्यादा सुमारे २ टेराबाइटची, व्हीएचडीएक्सची ६४. व्हीएचडीत डिस्कचा आकार जुन्या सिलिंडर-हेड-सेक्टरच्या हिशेबाने मोजला गेला, तर तो मूळ आकाराशी तंतोतंत जुळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडला तर पूर्ण मेगाबाइटमध्ये बसणारी, निश्चित आकाराचीच व्हीएचडी लागते. पण हे सगळे माहीत असलेले आणि निस्तरता येणारे प्रश्न आहेत.

खरी अडचण फाइल बदलल्यानंतर, मशीन सुरू करताना येते. व्हीएमवेअरवर वाढलेल्या लिनक्सच्या सुरुवातीच्या बूट-प्रतिमेत अनेकदा व्हीएमवेअरच्याच डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर भरलेला असतो. नव्या घरी कंट्रोलर व्हर्टआयओचा. मूळ डिस्क समोर असूनही सापडत नाही आणि मशीन आणीबाणीच्या शेलमध्ये जाऊन थांबते. विंडोज असेल तर निळा पडदा : बूट डिस्कपर्यंत पोहोचता आले नाही. ते निस्तरले तर नेटवर्क. कालपर्यंत ज्या कार्डाचे नाव ईएनएस१९२ होते ते प्रॉक्समॉक्सवर ईएनएस१८ होते आणि जुन्या नावाशी बांधलेला स्थिर आयपी पत्ता हवेत राहतो. विंडोजमध्ये तोच पत्ता आता अस्तित्वात नसलेल्या कार्डाच्या नावे अडकून पडतो. यूईएफआयवर उभे असलेले मशीन हायपर-व्हीच्या पहिल्या पिढीच्या साच्यात घातले तर ते सुरूच होत नाही. आभासी टीपीएममध्ये बिटलॉकरची किल्ली असेल आणि रिकव्हरी की कुणी जपून ठेवली नसेल, तर सगळे तुकडे सुखरूप पोहोचूनही त्यांतले काही वाचता येत नाही.

हे टाळण्यासाठीच ओव्हीएफ हे मानक आले होते. २००७ मध्ये डेल, एचपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, व्हीएमवेअर आणि झेनसोर्स या कंपन्यांनी मिळून त्याचा मसुदा डीएमटीएफ या मानक संस्थेकडे दिला. एकमेकींच्या स्पर्धक एका कागदावर आल्या, ही मोठी गोष्ट होती आणि आजही ती मोठीच मानली पाहिजे. २०११ मध्ये त्याला आयएसओचा क्रमांकही मिळाला. मशीनला किती मेमरी, किती प्रोसेसर, कोणती डिस्क हवी ते एका वर्णन-फाइलीत लिहायचे, सोबत डिस्क आणि शहानिशेसाठी हॅशची यादी ठेवायची आणि सारे एका ओव्हीए गाठोड्यात बांधायचे. फक्त आतली डिस्क कोणत्या प्रकारची असावी हे मानकाने मोकळे सोडले. शिवाय प्रत्येक कंपनीला आपापली कलमे जोडण्याची मुभा दिली. परिणाम समोर आहे. व्हर्च्युअलबॉक्समधून काढलेले ओव्हीए व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय नाकारते, कारण त्यात हार्डवेअरचा प्रकार म्हणून व्हर्च्युअलबॉक्सचे नाव लिहिलेले असते. ते नाव हाताने बदलले की हॅश जुळत नाही, मग हॅशही नव्याने काढायचा. मायक्रोसॉफ्ट मसुद्याच्या कर्त्यांपैकी एक, तरी हायपर-व्ही मॅनेजरमध्ये ओव्हीएफ थेट आयात करण्याची सोय नाही.

साधनांकडे पाहिले की या व्यवहाराचा कल कळतो. व्हीएमवेअरचा कन्व्हर्टर मशिने व्हीएमवेअरमध्ये आणतो. मायक्रोसॉफ्टचा कन्व्हर्टर ती हायपर-व्ही आणि अझूरमध्ये आणत असे. २०१७ मध्ये तो निवृत्त केला गेला. रेड हॅटमध्ये घडलेले व्हर्ट-व्हीटूव्ही हे साधन फार चांगले आहे, बूट-प्रतिमा नव्याने बांधण्यापासून विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर घालण्यापर्यंत सगळे करते, पण तेही केव्हीएमच्या दिशेने. प्रॉक्समॉक्सने २०२४ मध्ये ईएसएक्सआयमधून थेट आयात करण्याची सोय दिली, तीही आत घेणारीच. निर्यात म्हणून जे मिळते ते फार तर गाठोडे बांधून देणे. दुसऱ्याच्या घरी मशीन उभे राहावे म्हणून त्याच्या आत जे बदल करावे लागतात, ते जाणाऱ्यासाठी कुणी करून देत नाही. सारा खर्च आणि सारी जोखीम जाणाऱ्याची.

स्वतःच्या मशीनच्या बाबतीत निदान आत शिरून दुरुस्ती करता येते. तयार अप्लायन्सच्या बाबतीत तेही नाही आणि सर्वाधिक नुकसान तिथेच होते. फायरवॉल, मेल गेटवे, बॅकअप, हजेरीची किंवा फोनची यंत्रणा अशा कितीतरी गोष्टी आज सीलबंद ओव्हीए म्हणून विकल्या जातात. रूट पासवर्ड विक्रेत्याकडे. त्यामुळे बूट-प्रतिमा बदलणे ग्राहकाच्या हातात नाही. परवाना बऱ्याचदा मशीनच्या यूयूआयडीशी किंवा मॅक पत्त्याशी जोडलेला, म्हणजे स्थलांतरानंतर तो अमान्य. एखाद्या कुशल अभियंत्याने रात्र घालवून हे सगळे जमवले, तरी पहिल्या तक्रारीला उत्तर येते की या हायपरवायझरवर आमचा पाठिंबा नाही. आमच्या मते हे उत्तर ग्राहकाने निमूटपणे ऐकून घेण्यासारखे नाही. आतले लिनक्स सारखेच असते, व्हर्टआयओचे ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षांपासून आहेत, बूट-प्रतिमेत ते घालायला विक्रेत्याला फार कष्ट नाहीत. अनेक विक्रेते आपले अप्लायन्स व्हीएमडीके, व्हीएचडीएक्स आणि क्यूकाऊ२ अशा तिन्ही रूपांत देतातच. जे देत नाहीत, त्यांना ग्राहकाने आजवर विचारलेले नाही, एवढाच फरक आहे.

विचारण्याची जागा निविदेत आहे. सहकारी बँका, रुग्णालये, विद्यापीठे, नगरपालिका यांच्या निविदांमध्ये प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ काटेकोर लिहिलेले असतात. हे कलम मात्र क्वचितच सापडते. ते असे असावे : अप्लायन्स किमान दोन वेगळ्या हायपरवायझरांवर विक्रेत्याच्या पूर्ण पाठिंब्यासह चालले पाहिजे, स्थलांतरानंतर परवाना पुन्हा लागू करून देणे विक्रेत्याचे काम राहील आणि त्याचे वेगळे शुल्क असणार नाही, आणि खरेदीचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी तेच मशीन, त्याच डेटासह, दुसऱ्या हायपरवायझरवर सुरू करून लॉगिनपर्यंत नव्हे तर प्रत्यक्ष कामापर्यंत चालवून दाखवावे लागेल. चाचणीचा अहवाल बिलासोबत जोडलेला नसेल, तर लेखा विभागाने बिल परत पाठवावे.