७० वर्षांच्या ट्रकचा बुश बदलता येतो, मग फोनची स्क्रीन का अडते?

अमेरिकेत १९४७ ते १९५४ या काळात बनलेले शेवरोलेचे अर्ध्या टनाचे पिकअप ट्रक हौशी लोक आजही घरच्या घरी दुरुस्त करतात. त्यातलं एक नेहमीचं काम म्हणजे ड्राइव्हशाफ्टचा बुश आणि सील बदलणं. ‘राइट टू रिपेअर’चा सध्याचा वाद समजून घ्यायला हे काम फार उपयोगी आहे.

बुश झिजला की काय होतं?

ड्राइव्हशाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा. या ट्रकमध्ये तो टॉर्क ट्यूब नावाच्या बंद नळीतून जातो. नळीच्या पुढच्या टोकाला दांडा जागेवर धरणारा बुश आणि ऑइल अडवणारं सील असतं.

बुश झिजला की दांडा डुगडुगतो आणि सील खराब होतं. मग गिअरबॉक्सचं ऑइल नळीतून मागच्या डिफरन्शियलमध्ये उतरतं. पुढे ऑइल कमी, मागे जास्त! हे जास्तीचं ऑइल ॲक्सलच्या टोकांतून ब्रेकवर येऊ शकतं. नुसतं सील बदलून भागत नाही, कारण झिजलेला बुश नव्या सीलचीही वाट लावतो.

काम कटकटीचं आहे. मागचा ॲक्सल सोडवून मागे सरकवावा लागतो. पण पार्ट कुणीही बनवलेला असो, माप जुळलं की तो चालतो.

आता फोनकडे या

फोनमध्ये माप जुळूनही काम अडू शकतं. अनेक पार्ट्समध्ये चिप असते आणि सॉफ्टवेअर तिची ओळख तपासतं. याला पार्ट्स पेअरिंग म्हणतात. २०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की फेस आयडी बंद पडत होतं. टीका झाल्यावर ॲपलने अपडेट देऊन ते सोडवलं. म्हणजे अडचण सॉफ्टवेअरमध्येच होती.

कंपन्या म्हणतात, यामुळे चोरीचे आणि बनावट पार्ट रोखता येतात. मुद्दा अगदीच खोटा नाही. पण त्यासाठी ‘हा पार्ट मूळचा नाही’ एवढी सूचना पुरते. चांगला पार्ट बंद पाडायची गरज काय?

कायदे कुठवर आलेत?

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये दुरुस्ती अडवणाऱ्या पेअरिंगवर बंदी घालणारा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर खटला भरला. ट्रॅक्टर दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरलाच मिळतं, हा आक्षेप. ऐन हंगामात ट्रॅक्टर अडला तर शेतकऱ्याचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

भारतात केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. फोन आणि टॅबलेटला दुरुस्तीसाठी गुण देणाऱ्या ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’बद्दल समितीने मे २०२५ मध्ये अहवालही दिला.

माझ्या मते, या इंडेक्समध्ये एक प्रश्न ठळकपणे हवा: बाहेरून घेतलेला पार्ट बसवल्यावर सगळी फीचर्स चालतात का? नाहीतर पार्ट बाजारात मिळतो म्हणून फोनला चांगले गुण पडतील आणि कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याचे हात मात्र बांधलेलेच राहतील.

पुढचा फोन घेताना कॅमेरा बघाच, पण स्क्रीन आणि बॅटरी बाहेर बदलली तर काय बंद पडतं, हेही विचारून घ्या.