गोळ्या फुकट, खाडा रुग्णाचा

क्षयरोगाचे निदान आणि औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो. पण या सहा महिन्यांत बुडणारी मजुरी उपचाराच्या हिशेबात कुठेच धरलेली नसते. बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याचा हंगामही साधारण तेवढाच. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. दोघांचा मिळून एक कोयता. एक बसला की दुसऱ्याचेही काम अडते. म्हणून छाती भरून आलेला माणूसही पहाटे फडात उतरतो आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकची फळी चढतो. अशा घरात गोळ्या मध्येच सुटल्या तर ठपका रुग्णाच्या हलगर्जीपणावर येतो. हा ठपका अन्यायाचा आहे.

रुग्णाच्या मिळकतीची चौकशी प्राथमिक आरोग्यसेवेने करावी, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: गरिबी हा डॉक्टरांचा विषय नव्हे, त्यांनी औषध द्यावे. १९६०च्या दशकात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात माउंड बायू येथे डॉ. जॅक गायगर यांच्या आरोग्य केंद्रालाही हेच ऐकावे लागले. परिसरातील कृष्णवर्णीय मजुरांची मुले उपासमारीने आजारी पडत. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर धान्य लिहून दिले, वाण्यांनी माल दिला आणि बिल केंद्राच्या औषधखर्चातून चुकते झाले. वरून जाब विचारला गेला, तेव्हा गायगर यांचे उत्तर साधे होते: वैद्यकाच्या पुस्तकांप्रमाणे कुपोषणावरचा उपचार अन्न हाच आहे. केंद्राने पुढे विहिरी खोदल्या आणि सहकारी शेती उभी करण्यास हातभार लावला.

हे उत्तर केवळ सद्भावनेचे नव्हते, याचा पुरावा भारतातच मिळाला. झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली क्षय आणि पोषणाचा एक मोठा अभ्यास झाला. सर्व रुग्णांना दरमहा शिधा मिळाला. निम्म्या गटांत घरच्या माणसांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ देण्यात आली. त्या घरांत नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. फुप्फुसाचा, म्हणजे पसरणारा क्षय ४८ टक्क्यांनी. रुग्णांबाबतचा निष्कर्ष तर अधिकच बोलका आहे. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाच्या बाबतीत ही वाढ म्हणजे वजनकाट्यावर फक्त दोन किलो. डाळ-तांदळाने एवढे साधत असेल, तर डाळ-तांदूळ औषधाबाहेरचे कसे मानायचे?

रोख पैसा दिला की तो दारूत जातो, असेही म्हटले जाते. काही घरांत जातही असेल. पण त्यावर उपाय आरोग्य केंद्राच्या हातातच आहे. रुग्णाचे वजन दर महिन्याला करता येते आणि पैसा कुठे मुरतो आहे हे त्यावरून कळते. शिवाय रक्कम आहे तरी केवढी? क्षयरुग्णांसाठीच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे महिन्याच्या या मदतीत चार दिवसांचे खाडेही भरून निघत नाहीत. त्यातही आधार आणि बँक खात्यावरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला की पैसे अडकतात. या रकमेच्या उधळपट्टीची चिंता करण्याआधी तिच्या तुटपुंजेपणाची चिंता करायला हवी.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. केंद्रातील डॉक्टरांना वेळ नाही आणि आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे. पण यातून निघतो तो वेगळे माणूसबळ नेमण्याचा निष्कर्ष. काम सोडून देण्याचा नव्हे. टोरांटोच्या सेंट मायकेल्स रुग्णालयाशी जोडलेल्या कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यांत डॉ. गॅरी ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. महिनाअखेर भागते का, एवढाच प्रश्न डॉक्टर विचारतो. करविवरण भरणे, भत्त्यांचे अर्ज करणे ही पुढची कामे त्यासाठीच नेमलेला कर्मचारी रुग्णासोबत बसून करतो.

महाराष्ट्रात यासाठी नवी योजनाही शोधावी लागत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आजारामुळे कमाई थांबलेल्यांच्या यादीत क्षयरोग आहेच आणि अनुदान महिना १,५०० रुपये आहे. मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची, म्हणजे महिना १,७५० रुपयांची आहे. बारमाही मजुरी करणारे घर आजारपणाआधी या अटीत बसणे कठीण. ही मर्यादा सरकारने वाढवली पाहिजे. शिवाय अर्ज तहसील कार्यालयात, आजाराचा दाखला रुग्णालयात आणि उत्पन्नाचा दाखला पुन्हा तिसऱ्या टेबलावर. धाप लागणाऱ्या माणसाने हे हेलपाटे घालायचे आणि प्रत्येक हेलपाट्याला आणखी एक खाडा. गोळ्यांचे पहिले पाकीट ज्या दिवशी हातात पडते, त्याच दिवशी, त्याच टेबलावर आरोग्य केंद्राने हा अर्जही भरून घ्यावा.